सत्ता आणि राखण : मराठी ख्रिस्ती साहित्यातील सृष्टिविचार

मराठी ख्रिस्ती साहित्याचा अभ्यास आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झाला आहे. एक अंग भाषेचे. परदेशी धर्मोपदेशकांनी मराठीची केलेली सेवा, मुद्रणाचा आरंभ, व्याकरणे आणि कोश यांचा त्यात समावेश होतो. दुसरे अंग धर्मांतराचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक आणि पंडिता रमाबाई यांच्या आयुष्यांतील संघर्षामुळे ते अपरिहार्यच होते. या दोन्ही अंगांच्या सावलीत एक तिसरी जाणीव मात्र दुर्लक्षित राहिली. ती म्हणजे सृष्टीविषयीची जाणीव. देवाने निर्माण केलेल्या भूमीशी, पाण्याशी आणि प्राणिमात्राशी माणसाचे नाते काय, या प्रश्नाला मराठी ख्रिस्ती लेखकांनी दिलेली उत्तरे एकत्र पाहिली, तर एक सलग विचारसूत्र हाती लागते. या सूत्राला काही गाठीही आहेत, आणि त्या सोडवल्याखेरीज त्याचे मोल ठरवता येणार नाही.

प्रश्नाची तीव्रता वाढवली ती एका आरोपाने. लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला आणि आधुनिक पर्यावरणीय अरिष्टाचे मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेच्या मानवकेंद्री दृष्टीत दाखवले. निसर्ग माणसाच्या उपयोगासाठीच आहे, ही धारणा या परंपरेने रुजवली, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याच निबंधात त्याने असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता संत मानावे, असेही सुचवले होते. पुढे १९७९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी फ्रान्सिसला तसा मान दिला. म्हणजे आरोप आणि त्याचे उत्तर ही दोन्ही एकाच परंपरेच्या पोटातली आहेत. मराठीच्या संदर्भात हा वाद केवळ तत्त्वचर्चेचा राहत नाही. तो शब्दांच्या निवडीचा, आणि म्हणून साहित्याचा होतो.

बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात सृष्टीच्या निर्मितीची दोन कथने आहेत. पहिल्या अध्यायात माणसाला पृथ्वी अंकित करण्याचा आणि जीवमात्रावर अधिकार गाजवण्याचा आदेश मिळतो. मूळ हिब्रूतील ‘काबाश’ आणि ‘रादा’ ही क्रियापदे जरबेची आहेत, आणि रूढ मराठी भाषांतरात त्यांच्यासाठी ‘सत्ता’ हा शब्द येतो. दुसऱ्या अध्यायात मात्र माणूस बागेत ठेवला जातो आणि त्याच्यावर दोन कामे सोपवली जातात. हिब्रूतील ‘आबाद’ या क्रियापदात कसणे आणि सेवा करणे हे दोन्ही अर्थ आहेत, तर ‘शामर’ म्हणजे जपणे, पहारा करणे. मराठी भाषांतरकारांनी येथे ‘मशागत’ आणि ‘राखण’ हे शब्द योजले. ही योजना साधी दिसते, पण तिचे परिणाम दूरगामी आहेत. ‘सत्ता’ हा दरबाराचा शब्द आहे. ‘मशागत’ आणि ‘राखण’ हे शिवारातले शब्द आहेत. मशागत करणाऱ्याचे हात मातीत असतात. राखण करणारा रात्री माचाणावर जागतो, आणि तो ज्या पिकाची राखण करतो ते नेहमी त्याच्याच मालकीचे असते असे नाही. कोकणात तर गावच्या सीमेवरच्या देवतेलाच ‘राखणदार’ म्हणतात. मराठी वाचकाच्या मनात हा शब्द पडतो तेव्हा अशा अनेक स्मृती एकाच वेळी जाग्या होतात.

याच कुळातला तिसरा शब्द ‘कारभारी’. धन्याची मालमत्ता सांभाळणाऱ्या आणि शेवटी हिशेब द्यावा लागणाऱ्या माणसाचे रूपक नव्या करारात वारंवार येते, आणि मराठी बायबलने त्याला कारभारी म्हटले. पेशवाईच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकाला या शब्दातला धोकाही कळतो, कारण कारभारी पुष्कळदा धनी होऊन बसतो. लेवीयच्या पुस्तकातील भूमीविषयक नियम हा धोका ओळखून केलेले आहेत. सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती द्यावी आणि ती कायमची विकू नये, कारण जमीन देवाची असून माणसे तिच्यावर उपरी आहेत, असे ते सांगतात. अनुवादाच्या पुस्तकात वेढ्याच्या काळातही फळझाडे तोडण्यास मनाई आहे. कूळ आणि मालक यांच्या नात्यावर पिढ्यान्‌पिढ्या झगडलेल्या महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला ही परिभाषा परकी वाटण्याचे कारण नाही. मराठी ख्रिस्ती साहित्याचा सृष्टिविचार ‘सत्ता’ या टोकाकडून ‘राखण’ या टोकाकडे कसा सरकत गेला, हे पाहणे हाच त्याच्या आकलनाचा योग्य मार्ग होय.

या प्रवासाच्या आरंभी फादर थॉमस स्टीफन्स उभे आहेत. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या भागात जुन्या करारातील कथा येतात. म्हणजे सृष्टीच्या निर्मितीची बायबलमधील कथा मराठी छंदात प्रथम येथे सविस्तर अवतरली. मराठी भाषेची थोरवी सांगताना स्टीफन्स रत्ने, फुले, सुगंधी द्रव्ये, पाखरे आणि वृक्ष यांची उपमाने योजतात, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या लेखी येथील निसर्ग भाषेच्या गौरवाचे साधन आहे, चिंतेचा विषय नाही, आणि सतराव्या शतकातील कवीकडून वेगळी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. तथापि एक गोष्ट त्यांनी निश्चित साधली. परदेशी धर्मकथेला त्यांनी येथल्या फुलांचा आणि पाखरांचा परिसर दिला. एदेनची बाग मराठीत आली ती मोगऱ्याचा गंध घेऊनच.

दुसरा टप्पा रेव्हरंड टिळकांचा (१८६१–१९१९). १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ओळखले गेले. हे विशेषण प्रेमाचे असले तरी त्याने त्यांच्या कवितेचे काही नुकसानही केले आहे. फूल हा त्यांचा कोमल विषय समजला गेला आणि त्यामागची नैतिक भूमिका झाकली गेली. ‘केवढे हे क्रौर्य’ ही त्यांची कविता अनेक पिढ्यांनी शाळेत पाठ केली. पारध्याने घायाळ केलेली पक्षिणी आपल्या पिलांपाशी परतते आणि प्राण सोडते, एवढाच तिचा विषय. पण टिळकांनी हे सारे पक्षिणीच्या बाजूने पाहिले आणि वेदनेचे केंद्र माणसाकडून प्राण्याकडे नेले. मानवकेंद्री दृष्टीला मराठी कवितेने दिलेला हा हलका, पण खोलवरचा धक्का आहे. ‘वनवासी फूल’ या दीर्घ कवितेतही फूल हे सजावटीची वस्तू न राहता संवादाचा विषय बनते. टिळकांच्या घरी काही काळ राहिलेल्या बालकवींनी पुढे निसर्गाला जे स्वायत्त अस्तित्व दिले, त्याच्या पूर्वतयारीत या वळणाचा वाटा मानायला हवा.

टिळकांच्या सृष्टिप्रेमाची घडण दुहेरी आहे. भूतदयेचा वारकरी संस्कार आणि आकाशातील पाखरे व रानातील फुले यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या ख्रिस्ताची शिकवण या दोहोंचा संगम त्यांच्यात झाला. म्हणूनच त्यांची करुणा आयात केलेली वाटत नाही. परंतु तिची मर्यादाही स्पष्ट आहे. त्यांच्या कवितेतील क्रौर्य एका माणसाचे असते. पारध्याचे मन पालटले की प्रश्न सुटतो. क्रौर्य एखाद्या व्यवस्थेचे असू शकते, ते नकाशात, अधिसूचनेत आणि खरेदीखतात दडलेले असू शकते, ही कल्पना त्या काळाच्या काव्यजाणिवेच्या बाहेरची होती.

पंडिता रमाबाईंचे कार्य या दोन टप्प्यांना जोडणारे आहे. १८९६–९७ च्या आणि पुढे १९०० च्या दुष्काळात अनाथ झालेल्या मुलींना त्यांनी केडगाव येथे आणले आणि तेथील जमिनीवर विहिरी व शेती उभी केली. तेथेच त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यांचे निधन १९२२ मध्ये झाले आणि समग्र भाषांतर १९२४ मध्ये प्रकाशित झाले. शास्त्रग्रंथाचे भाषांतर आणि विहिरीचे खोदकाम एकाच आवारात, एकाच निष्ठेने चालू असणे ही प्रतीकात्मक घटना नव्हे. सृष्टीचा सांभाळ आणि उपाशी माणसाचा सांभाळ वेगळे करता येत नाहीत, हे केडगावने कृतीने दाखवले.

हा विचार संघर्षाच्या भाषेत मांडला गेला तो वसईत. १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे गेलेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेला हा प्रदेश मराठी ख्रिस्ती समाजाचे एक प्रमुख वसतिस्थान आहे. राजेळी केळी आणि त्यांची सुकेळी, पानवेली, फुले, भाजी यांच्या वाड्या, रहाटाच्या विहिरी आणि पावसाचे गोडे पाणी साठवणारी बावखळे हे या भूमीचे पारंपरिक रूप होते. समुद्र शेजारी असल्याने येथील शेती भूगर्भातल्या गोड्या पाण्याच्या नाजूक तोलावर उभी असते. उपसा वाढला की खारे पाणी आत सरकते आणि विहीर कायमची बाद होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित पट्ट्यातील जमिनी नागरीकरणासाठी खुल्या झाल्या, बांधकामांसाठी विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले आणि हा तोल ढळू लागला. त्यातून हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्याचे अग्रणी ठरले.

नंदाखालचे दिब्रिटो दीर्घकाळ ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. ‘सुबोध बायबल : नवा करार’ या ग्रंथासाठी त्यांना २०१३ चा साहित्य अकादेमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. धर्मगुरू, अनुवादक, ललित लेखक आणि आंदोलक या त्यांच्या चार भूमिका वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून पाहण्याची प्रथा आहे. ती दिशाभूल करणारी आहे. सुबोध मराठीत बायबल आणण्याची त्यांची धडपड आणि हिरवी वसई वाचवण्याची धडपड यांचा उगम एकच आहे. वचन लोकांच्या बोलीत रुजावे, आणि ते ज्या भूमीत रुजायचे ती भूमी शाबूत असावी, असा हा एकसंध आग्रह आहे. नव्या करारातील पेरणारा, मोहरीचा दाणा, द्राक्षमळा आणि जाळे ही रूपके वाडीत व कोळीवाड्यात वाढलेल्या वाचकाला थेट भिडतात. वाडीच उरली नाही तर ती रूपके तळटिपांची मोहताज होतील. भूमीचा नाश हा भाषेचाही नाश असतो, हे भान या लेखनाला साहित्यिक मोल देते.

या आंदोलनाचे दुसरे वैशिष्ट्य असे की त्याने स्वतःला एका धर्माच्या कुंपणात कोंडून घेतले नाही. पाणी आणि जमीन यांचा प्रश्न वसईतील हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान शेतकऱ्याचा एकच होता, आणि दिब्रिटोंच्या भूमिकेत संतपरंपरेचे स्मरण आणि बायबलचा आधार सहज शेजारी नांदतात. टिळकांमध्ये झालेला संगम येथे काव्याच्या पातळीवरून लोकव्यवहाराच्या पातळीवर उतरलेला दिसतो. करुणेची जागा करुणेसह हक्काने घेतली. पारधी आता एक माणूस राहिला नाही.

जागतिक ख्रिस्ती विचारही याच सुमारास याच दिशेने वळत होता. चर्चेसच्या जागतिक परिषदेने १९८३ च्या व्हँकुव्हर अधिवेशनापासून न्याय, शांती आणि सृष्टीची अखंडता ही त्रिसूत्री पुढे आणली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १ जानेवारी १९९० चा शांतिसंदेश सृष्टीशी सलोखा या विषयाला वाहिला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक आले. उत्पत्तीतील अधिकाराच्या आदेशाचा अर्थ निरंकुश वर्चस्व असा करणे चूक आहे, तो आदेश मशागत आणि राखण यांच्या प्रकाशात वाचला पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्याचे आवाहनही त्यात आहे. वसईचा लढा या परिपत्रकाच्या पाव शतक आधीचा आहे, ही नोंद केवळ अभिमानासाठी करायची नाही. प्रादेशिक अनुभव हा जागतिक तत्त्वज्ञानाची उपशाखा नसतो. पुष्कळदा तो त्याचा पूर्वसूरी असतो, हे त्यातून लक्षात घ्यायचे.

एवढे श्रेय दिल्यानंतर या परंपरेच्या मर्यादांचा विचार करणे भाग आहे. वसईचा सृष्टिविचार हा मुख्यतः वाडी असलेल्याचा विचार आहे. राखणीसाठी आधी काही हाती असावे लागते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा एक मोठा भाग अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), जालना या बाजूंच्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेला आहे. त्याच्या पूर्वजांना गावची विहीर बंद होती, आणि जमीन असली तर वतनाची, सेवेच्या बदल्यात मिळालेली. या समाजाच्या स्मृतीत निसर्ग म्हणजे गमावलेली बाग नव्हे. तो नाकारलेला पाणवठा आहे. हरवलेल्या हिरवाईचे हळहळते स्मरण त्याला आपले वाटेलच असे नाही. तीच गोष्ट नव्या वसई-विरारमधील रहिवाशाची. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. मुंबईत छप्पर न परवडलेली माणसे या इमारतींत आली. जुलै २०१८ च्या पुरात पाण्याच्या वाटा बुजवल्याची किंमत त्यांनीही मोजली. वाडीचा मालक आणि सदनिकेतला भाडेकरू हे दोघेही एकाच ढासळत्या तोलाचे बळी आहेत, ही जाणीव या साहित्यात जेवढ्या ठळकपणे यायला हवी होती तेवढी आलेली नाही. ललित गद्यात स्मरणरंजनाचा आणि प्रवचनाचा सूर अधूनमधून वरचढ होतो, त्याचे कारणही येथेच आहे.

ही मर्यादा महाराष्ट्राबाहेर नजर टाकली की अधिक ठसठशीत होते. नागपूर–हावडा लोहमार्गावरचे भिलाई हे त्याचे उत्तम उदाहरण. १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलात असलेल्या छत्तीसगडच्या या भागात १९५५ च्या करारानुसार सोव्हिएत साहाय्याने पोलाद कारखाना उभारला गेला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराच्या खाणींतून लोहखनिज येऊ लागले, शेतांच्या जागी वसाहत झाली. देशभरातून कामगार आले. त्यांत मराठी कुटुंबे होती, तशीच केरळातून आलेली ख्रिस्ती कुटुंबेही होती. येथे श्रद्धावंताला वारशाने मिळालेली बाग नाही. त्याची भाकरी भट्टीवर अवलंबून आहे आणि त्याच भट्टीसाठी कुठला तरी डोंगर पोखरला जातो. अशा माणसाने राखण कशाची करायची?

या प्रश्नाचे एक उत्तर त्याच भूमीत, ख्रिस्ती परंपरेच्या बाहेरून दिले गेले. दल्ली-राजहराच्या खाणकामगारांचे नेते शंकर गुहा नियोगी यांनी मजुरीच्या लढ्याला आरोग्य, दारूबंदी आणि जंगल यांचे प्रश्न जोडले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत त्यांची हत्या झाली. हाताला काम आणि डोंगराला जीव हे दोन परस्परविरोधी पक्ष नाहीत, असा त्यांच्या कार्याचा इत्यर्थ आहे. केडगावच्या विहिरीचा अर्थ आणि या कार्याचा अर्थ एकमेकांपासून फार दूर नाहीत. मराठी ख्रिस्ती लेखनाला पुढे जायचे असेल, तर त्याला वसईच्या वाडीतून निघून भिलाईच्या भट्टीपर्यंत यावे लागेल. ज्याच्या मालकीचे काहीही नाही त्यालाही राखणदार म्हणून प्रतिष्ठा द्यावी लागेल. त्यासाठी नवी परिभाषा शोधण्याचीही गरज नाही. शिवारात राखणीला बसणारा माणूस बहुधा भूमिहीनच असतो, हे मराठी भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

तात्पर्य, मराठी ख्रिस्ती साहित्याने सृष्टीविषयी केलेला विचार हा पाश्चात्त्य वादाचा उशिरा उमटलेला पडसाद नव्हे. स्टीफन्सनी धर्मकथेला येथला निसर्ग दिला, टिळकांनी पक्ष्याच्या वेदनेला केंद्रस्थान दिले, रमाबाईंनी शब्द आणि पाणी यांना एका आवारात आणले, दिब्रिटोंनी करुणेला संघटित लढ्याचे रूप दिले. लिन व्हाइटच्या आरोपाला या परंपरेने युक्तिवादाने क्वचितच उत्तर दिले असेल. तिने एका शब्दाऐवजी दुसरा शब्द जगून दाखवला. ‘सत्ता’ हा शब्द आजही त्या ग्रंथात आहे आणि तो पुसण्याचे कारण नाही. पण त्याच्या पुढच्याच पानावर ‘राखण’ आहे, आणि कोणत्या पानावर थांबायचे हे वाचणाऱ्याने ठरवायचे असते. या साहित्याच्या अभ्यासकाने त्याची धर्मांतराची कथा वाचावी, भाषेची सेवा वाचावी. तथापि, या दोन्हींच्या तळाशी मातीचा जो विचार आहे, त्याच्याकडे पाठ फिरवली तर या साहित्याचे आकलन अपुरे राहील.